मोजून पाहणारा शास्त्रज्ञ : डॉ. होमी भाभा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमा नदीच्या एका तीरावर शिरूर तालुका आहे आणि दुसऱ्या तीरावर दौंड तालुका. एकीकडे घोड नदीच्या काठची शिवारे, तर दुसरीकडे उसाचे मळे आणि गुऱ्हाळे. भुईमुगाचे वेल उपटून शेंगा तोडण्याचे दिवस आले, की बांधावर बसून ओल्या शेंगा खाण्यात मुलांचा वेळ कसा जातो, हे त्यांचे त्यांनाच कळत नाही. भाजलेले शेंगदाणे आणि गुऱ्हाळावरचा ताजा गूळ यांची गोडी तर इकडे लहानथोर सारेच जाणतात.

या गूळ-शेंगदाण्यांविषयी एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मूठभर, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम शेंगदाणे आपण ओंजळीत घेतले, तर त्यांतील वीसहून अधिक अणू दर सेकंदाला आपोआप फुटत असतात आणि फुटताना अदृश्य किरण बाहेर टाकत असतात. या क्रियेस किरणोत्सर्ग म्हणतात. हा शब्द कानी पडताच अणुबाँब, रोगराई आणि विनाश यांचीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मग आपल्या आवडीचे शेंगदाणे घातक आहेत की काय? ते टाकून द्यावेत काय?

अशा प्रश्नाचे उत्तर नुसत्या भीतीने मिळत नाही आणि नुसत्या धिटाईनेही मिळत नाही. ते मोजमापाने मिळते. हे मोजमाप करण्याची विद्या ज्यांनी आपल्या देशात रुजविली आणि तिच्यासाठी मोठ्या संस्था उभारल्या, त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव अग्रभागी आहे.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे इंग्लंडात शिकलेले कायदेपंडित होते. आईचे नाव मेहेरबाई. घरात ग्रंथांचा मोठा संग्रह होता. पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रांची पुस्तके होती. लहानपणी होमीला झोप फार कमी येत असे. आईवडिलांना काळजी वाटली; परंतु मुलाचा मेंदू अतिशय चपळ असल्यामुळे असे होते, असा निर्वाळा वैद्यांनी दिला, असे सांगतात. हा मुलगा तासन्‌तास संगीत ऐके, चित्रे काढी आणि हाती येईल ते पुस्तक वाचून काढी. वृक्षवेलींवरही त्याचे विलक्षण प्रेम होते. हे प्रेम पुढे जन्मभर टिकले.

मुंबईतील शिक्षण आटोपल्यावर १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. त्यांनी यंत्रविद्येची पदवी घ्यावी, परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर काम करावे, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. परंतु केंब्रिजला त्या काळी अणूच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या थोर शास्त्रज्ञांचा मेळा जमला होता. त्यांच्या सहवासात होमींना आपली खरी वाट सापडली. भौतिकशास्त्र हेच आपले जीवितकार्य आहे, असे त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. वडिलांनी समंजसपणे एक अट घातली. होमींनी यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावे. तसे झाल्यास पुढील शिक्षणाचा खर्च ते आनंदाने करतील. होमींनी १९३० साली ती अट पुरी केली आणि नंतर ते गणित व भौतिकशास्त्र यांच्या अभ्यासात गढून गेले. वडिलांचे मन न दुखविता आणि स्वतःचा ध्यास न सोडता त्यांनी आपला मार्ग निवडला.

केंब्रिजला त्यांनी जो विषय हाती घेतला, तो होता विश्वकिरणांचा. दूर अंतराळातून अतिवेगवान सूक्ष्म कण रात्रंदिवस पृथ्वीकडे येत असतात. त्यांना विश्वकिरण असे म्हणतात. हे किरण वातावरणात शिरले, की कणांचा जणू पाऊसच पडतो. एका कणापासून इतके कण कसे निर्माण होतात, याचे कोडे शास्त्रज्ञांना पडले होते. भाभा आणि हाइटलर या दोघांनी १९३७ साली गणिताच्या साहाय्याने ते उलगडून दाखविले. एक वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणुगर्भाजवळून जाताना प्रकाशाचा तेजस्वी कण सोडतो. त्या प्रकाशकणापासून दोन नवे कण जन्मतात. तेही पुन्हा प्रकाशकण सोडतात. एका मूळपुरुषापासून पिढ्यान्‌पिढ्या वंश वाढत जावा, तसा हा कणांचा विस्तार होतो. या संशोधनामुळे तरुण भाभांचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांत झाले.

आता या आकाशीच्या किरणांचा आपल्या गुळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध फार जवळचा आहे. विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणातील नायट्रोजनच्या काही अणूंचे रूपांतर किरणोत्सर्गी कार्बनमध्ये होते. विलर्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४७ च्या सुमारास हा कार्बन निसर्गात आढळतो, हे सिद्ध केले. हवेतील कार्बन वनस्पती पानांवाटे घेतात. त्यापासूनच उसाची साखर बनते, भुईमुगाचे तेल बनते, ज्वारी-बाजरीचे पीठ बनते. म्हणून आपल्या प्रत्येक घासात या कार्बनचा अल्पसा अंश असतोच. दौंडच्या गुळाच्या खड्यातही आकाशातून आलेल्या किरणांची खूण दडलेली असते.

शेंगदाण्यांतील किरणोत्सर्ग मात्र मुख्यतः जमिनीतून येतो. नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची तीन मुख्य खते शेतकऱ्याच्या मुलांना माहीत असतात. यांपैकी पालाशात पोटॅशियम हे मूलद्रव्य असते. प्रत्येक वनस्पतीला आणि प्रत्येक प्राण्याला ते आवश्यक आहे. त्यावाचून स्नायू हलणार नाहीत आणि हृदयाचे ठोके नीट पडणार नाहीत. पोटॅशियममधून मंद किरण बाहेर पडतात, असे केंब्रिजच्याच कॅम्बेल आणि वुड या संशोधकांना १९०६ च्या सुमारास आढळून आले होते. पोटॅशियमच्या सुमारे साडेआठ हजार अणूंत एक अणू किरणोत्सर्गी असतो. तो पृथ्वीच्या जन्मापासूनचा आहे. अशा अणूंपैकी निम्मे अणू फुटण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. म्हणून ते अद्याप पूर्णपणे संपलेले नाहीत. शेंगदाण्यांत पोटॅशियम भरपूर असते. केळी, बटाटे, डाळी यांतही ते असते. ब्राझील देशात एका उंच वृक्षाला कठीण कवचाची फळे लागतात. त्यांतील बियांत तर मातीतील रेडियमही आढळते, आणि तेही इतर खाद्यांच्या मानाने कितीतरी अधिक.

आपण हे सारे खातो. म्हणून आपले शरीरही किंचित किरणोत्सर्गी असते. प्रौढ माणसाच्या शरीरात पोटॅशियम आणि कार्बन यांचे मिळून सात-आठ हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. शेंगदाणे अधिक खाल्ले, म्हणून हा आकडा वाढतच जातो असेही नाही. कारण शरीर आपल्याला हवे तेवढेच पोटॅशियम ठेवून घेते आणि उरलेले बाहेर टाकते. माणसाला निसर्गाकडून वर्षभरात जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, त्याचा साधारण आठवा हिस्सा अन्नपाण्यातून येतो. बाकीचा जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून येतो. या सौम्य किरणांच्या संगतीतच पृथ्वीवरील सारी जीवसृष्टी वाढली आहे.

आता आपण पुन्हा भाभांकडे वळू. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले असतानाच युरोपात महायुद्ध पेटले आणि त्यांचे परतणे थांबले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात, ते काम करू लागले. तेथे त्यांनी किरण मोजणारी उपकरणे फुग्यांतून आणि विमानांतून उंच आकाशात पाठविली व विश्वकिरणांची मोजदाद केली. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

युद्ध संपल्यावर परदेशी जाऊन मानाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु या काळात त्यांचे मन पालटले. ज्या देशात बुद्धी आहे पण तिला साधने नाहीत, त्या देशातच राहून साधने निर्माण करावीत, असे त्यांना वाटू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था काढण्याची योजना मांडली. पुढे देशात अणुशक्तीचे उत्पादन सुरू होईल, तेव्हा त्यासाठी लागणारे तज्ज्ञ परदेशातून आणावे न लागता येथेच तयार झालेले असावेत, असा दूरदर्शी विचार त्या पत्रात होता. त्या वेळी हिरोशिमावर बाँब पडायचा होता आणि देश स्वतंत्र व्हायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराची थोरवी कळते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस आली आणि पेडर रोडवरील एका बंगल्यात तिचे काम सुरू झाले. होमींचा जन्म याच बंगल्यात झाला होता!

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुशक्ती आयोग नेमण्यात आला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्राची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघराज्य वगळता साऱ्या आशिया खंडातील ती पहिलीच अणुभट्टी होती. पाण्याच्या खोल कुंडात तिची निळसर प्रभा फाके. पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले.

परंतु अणूची शक्ती जेवढी मोठी, तेवढीच तिच्याविषयीची जबाबदारीही मोठी. किरणांची मात्रा वाढली, की ते शरीराला घातक ठरतात. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी यांनी वर्षानुवर्षे उघड्या हातांनी किरणोत्सर्गी पदार्थ हाताळले. १९३४ साली रक्ताच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या काळी या धोक्याचे माप कोणालाच नीट ठाऊक नव्हते. असे पुन्हा घडू नये, म्हणून ट्रॉम्बे येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला किती किरण लागले, याची नोंद ठेवली जाऊ लागली. १९६० साली भाभांनी केंद्रातील सर्वांसाठी आज्ञा काढली. किरणोत्सर्गी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत, की कामगारांना अथवा इतर कोणालाही इजा पोहोचणार नाही आणि देशातील इतर संस्थांनी त्याचा कित्ता गिरवावा, असा तिचा आशय होता.

याच सुमारास जगावर एक नवे संकट आले होते. बलाढ्य राष्ट्रे उघड्या आकाशात अणुबाँबच्या चाचण्या करीत होती. त्यांची धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरे आणि पावसाबरोबर शेतात व कुरणांत उतरे. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य होते. ते चुनखडीतील कॅल्शियमसारखे वागते; म्हणून गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जाऊन बसते. निसर्गातील किरणोत्सर्ग आणि माणसाने निष्काळजीपणे त्यात घातलेली भर यांतील भेद येथे स्पष्ट होतो. १९५६ साली भारत सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी ते सिद्ध केले होते. त्या कामी भाभा आणि मुंबईचे नामांकित कर्करोग संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे साहाय्य झाले. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हवा, पाणी, दूध आणि धान्य यांतील किरणोत्सर्ग मोजण्याचे काम हाती घेतले. निसर्गाचा भाग किती आणि बाँबच्या धुळीचा भाग किती, हे आता आकड्यांनी सांगता येऊ लागले. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी वातावरणातील चाचण्या थांबविण्याचा करार केला. जगभर झालेल्या अशा मोजमापांचा लोकमतावर झालेला परिणाम, हे त्यामागील एक कारण होते.

भाभांच्या केंद्रात किरणांचा उपयोग शेतीसाठीही करण्यात आला. भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून त्याच्या आनुवंशिक गुणांत बदल घडविण्याचे प्रयोग १९५० नंतरच्या दशकातच तेथे सुरू झाले. असे बियाणे पेरून, हजारो रोपांतून चांगली रोपे वर्षानुवर्षे निवडून, नवे वाण तयार करावे लागतात. या परिश्रमाचे फळ पाहण्यास भाभा राहिले नाहीत. ट्रॉम्बेचा पहिला भुईमूग वाण १९७३ साली प्रसारित झाला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झालेला ‘टीएजी-२४’ हा वाण १९९१ साली आला आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला. अशा वाणाच्या शेंगांत किरण साठून राहिलेले नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उन्हात ठेवलेली वस्तू घरात आणल्यावर स्वतः प्रकाश देत नाही, त्याचप्रमाणे क्ष-किरणांतून गेलेले बी किरणोत्सर्गी होत नाही. त्या शेंगदाण्यांतील किरणोत्सर्ग इतर कोणत्याही शेंगदाण्याइतकाच, म्हणजे निसर्गाने दिलेला, असतो.

एवढा मोठा व्याप सांभाळतानाही भाभांचे चित्रकलेचे आणि संगीताचे प्रेम कमी झाले नाही. संशोधन संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रे लावविली. इमारतीच्या आड एखादा जुना वृक्ष आला, तर तो तोडण्यापेक्षा मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्यावर त्यांचा भर असे. ते अविवाहित राहिले. संस्था हाच त्यांचा संसार झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय बैठकीस जात असता त्यांचे विमान युरोपातील माँ ब्लाँ या हिमाच्छादित शिखरावर आदळले आणि भाभांचा अंत झाला. त्या वेळी ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते. साऱ्या देशाला हळहळ वाटली. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

भाभांच्या कार्याची एक खूण शिरूरकरांपासून फार दूर नाही. पुणे जिल्ह्याच्याच जुन्नर तालुक्यात, खोडद गावाच्या परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेच उभारली आहे. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या तरुणाने लावलेले रोप असे दूरवर फोफावले आहे.

मुलांनो, आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण नाही. शेंगदाण्यांत किरणोत्सर्ग आहे, हे खरे. परंतु तो किती आहे, हे मोजल्यावर भिण्याचे कारण उरत नाही. बाँबच्या धुळीतही किरणोत्सर्ग होता. तेथे मात्र मोजणाऱ्यांनीच जगाला सावध केले. नाव एकच, पण मात्रा निराळी, आणि म्हणून परिणामही निराळा. मीठ चिमूटभर घातले तर आमटीला चव येते आणि ओंजळभर घातले तर ती तोंडात घालवत नाही, हे आपण रोज पाहतोच. एखाद्या गोष्टीचे नुसते नाव ऐकून घाबरू नये आणि नुसत्या विश्वासावर बेसावधही राहू नये. ती किती आहे, हे आधी पाहावे. डॉ. भाभांनी उभारलेल्या संस्थांत हे मोजण्याचे काम आजही चालू आहे.

स्वाध्याय

१. शेंगदाण्यांतील आणि गुळातील किरणोत्सर्ग कोठून येतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. होमींच्या वडिलांनी कोणती अट घातली? त्या अटीवरून त्यांच्या स्वभावाविषयी काय वाटते?
३. निसर्गातील किरणोत्सर्ग आणि बाँबच्या धुळीतील किरणोत्सर्ग यांत कोणता फरक आहे?
४. किरण सोडलेले बियाणे किरणोत्सर्गी का होत नाही? पाठात दिलेल्या दृष्टान्ताच्या आधारे लिहा.
५. ‘कित्ता गिरवणे’, ‘गढून जाणे’, ‘निर्वाळा देणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
६. नाव ऐकून भीती वाटली, पण माहिती घेतल्यावर ती नाहीशी झाली, असा तुमचा एखादा अनुभव दहा ओळींत लिहा.